नांदेडचें धान आणि अनुवंशाची विद्या

चंद्रपूर जिल्ह्यांत गोंदिया-बल्लारपूर रेल्वेवर नागभीड हें तालुक्याचें गांव लागतें. सभोंवार जंगल, मधून मधून जुने तलाव, आणि तलावांच्या पाण्यावर पोसलेल्या धानाच्या बांध्या, असा हा प्रदेश आहे. याच तालुक्यांत नांदेड नांवाचें एक लहान खेडें आहे. मराठवाड्यांतील प्रसिद्ध नांदेडशीं त्याचा संबंध नाहीं. परंतु ज्या ज्या घरांत 'एच.एम.टी.' या नांवाचा बारीक तांदूळ शिजतो, त्या प्रत्येक घराचा या खेड्याशीं संबंध आहे, मग तो त्या घराला ठाऊक असो वा नसो.

इ. स. १९८३ मध्यें या नांदेडचे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या शेतांत 'पटेल ३' जातीचें धान उभें होतें. दादाजींची जमीन जेमतेम दीड एकर, आणि शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतचें. पीक पाहत फिरतांना तीन लोंब्या त्यांना इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांच्या दाण्यांवर पिवळसर छटा होती. दुसरा कोणी असता तर त्या लोंब्या मळणींत मिसळून गेल्या असत्या. दादाजींनीं त्या वेगळ्या काढून जपून ठेविल्या, पुढील पावसाळ्यांत शेताच्या मध्यभागीं थोड्याशा जागेंत पेरल्या, रानडुकरांपासून रक्षण व्हावें म्हणून भोंवतीं कांट्या लाविल्या, आणि दर वर्षीं निवड करीत करीत बियाणें वाढविलें. दाणा बारीक, भात चवदार, आणि उतारा चांगला. १९९० च्या सुमारास हें धान व्यापाऱ्याकडे गेलें, तेव्हां त्याला नांव नव्हतें. त्या काळीं मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचें नांव व्यापाऱ्यानें त्याला दिलें, व तेंच रूढ झालें.

येथें जें घडलें, तें शास्त्राच्या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या गुणधर्मांचा जणूं एक लेखच साठविलेला असतो. त्या लेखांतील एकेका गुणाच्या मजकुराला जनुक म्हणतात. पिढीमागून पिढी त्याची नक्कल होत जाते, आणि नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें. धानाचें फूल बहुतेक स्वतःच्याच परागानें फळतें. म्हणून एकदां निराळें झालेलें रोप आपलें निराळेपण पुढील पिढ्यांत टिकवूं शकतें. बदल निसर्गानें केला; त्यांतील उपयुक्त तो ओळखून राखण्याचें काम मनुष्यानें केलें. रानटी गवतांपासून गहूं, ज्वारी व धान हीं पिकें अशाच रीतीनें घडलीं. तेव्हां अनुवंशांत मनुष्यानें हात घालावा कीं घालूं नये, हा वाद पहिल्या शेतकऱ्याबरोबरच संपला होता. आज नवें आहे तें हत्यार, आणि तें हत्यार कोणाच्या हातीं व कोणाच्या संमतीनें चालावें, हा प्रश्न.

या नव्या हत्याराचा पहिला मोठा अनुभव याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आला. नागभीडकडील पूर्वभाग धानाचा, तर वरोरा, भद्रावती, राजुरा हा पश्चिमेकडील काळ्या मातीचा भाग कापसाचा. जमिनींत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जंतूमधील एक जनुक प्रयोगशाळेंत कपाशीच्या झाडांत घालण्यांत आलें. त्यामुळें झाड स्वतःच असें प्रथिन तयार करूं लागलें कीं, तें बोंडअळीच्या आंतड्यांत गेल्यावर तिचा नाश करतें. अळीच्या आंतड्यांत त्या प्रथिनाला चिकटण्याची जी जागा असते, ती मनुष्याच्या आंतड्यांत नसते. म्हणून तें मनुष्याला अपायकारक नाहीं असें शास्त्रज्ञांचें म्हणणें आहे. मार्च २००२ मध्यें या 'बी.टी.' कापसाला हिंदुस्थानांत परवानगी मिळाली, आणि पुढें देशांतील कापसाच्या क्षेत्राचे दहांतील नऊ हिस्से त्यानें व्यापले. आरंभींच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरील फवारे कमी झाले, हा लाभ खरा होता.

परंतु अळीलाहि अनुवंश असतो. लक्षावधि अळ्यांपैकीं ज्या थोड्या त्या प्रथिनाला पुरून उरल्या, त्यांचीच संतति वाढली. निसर्गानेंहि दादाजींप्रमाणेंच निवड केली, मात्र मनुष्याच्या विरुद्ध. हें होऊं नये म्हणून शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या कांहीं ओळी लावाव्या, असा नियम होता. त्या ओळींवर वाढलेल्या साध्या अळ्यांशीं संकर होऊन प्रतिकाराचा गुण विरळ व्हावा, हा त्यांतील हेतु. लहान शेतकऱ्याला तेवढें रान सोडणें परवडेना, आणि नियमामागील कारण त्याला समजावून सांगण्याची तसदीहि फारशी कोणी घेतली नाहीं. परिणामीं २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापूस पोखरून काढला. दोष जनुकाचा होता असें म्हणतां येत नाहीं, आणि तो एकट्या शेतकऱ्याचाहि नव्हता. हत्यार दिलें गेलें, परंतु त्याबरोबरचें शहाणपण दिलें गेलें नाहीं. शिवाय संकरित बियाणें दर वर्षीं विकत घ्यावें लागत असल्यानें, घरच्या कणगींतून बी काढण्याची पूर्वीची रीत कापसाच्या शेतांतून उठून गेली.

कापूस खाल्ला जात नाहीं. वांगें खाल्लें जातें. म्हणून जालन्याच्या महिको कंपनीचें बी.टी. वांगें पुढें आलें, तेव्हां वाद अधिक तीव्र झाला. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनीं निरनिराळ्या शहरांत जाहीर सभा घेऊन लोकांचें म्हणणें ऐकलें. त्यांपैकीं एक सभा नागपुरांत झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजीं त्यांनीं त्या वांग्याला स्थगिति दिली. हा निर्णय कोणाला योग्य वाटला, कोणाला भीतिग्रस्त. परंतु स्वयंपाकघरांत येणाऱ्या वस्तूविषयीं घरांतील माणसांना विचारावें, हें तत्त्व त्या सभांनीं प्रत्यक्ष आचरून दाखविलें.

आतांचें हत्यार याहूनहि सूक्ष्म आहे. परक्या जिवाचें जनुक न आणतां, त्या त्या सजीवाच्या स्वतःच्याच लेखांत नेमक्या जागीं कातर लावून अक्षर बदलतां येतें. या 'क्रिस्पर' नांवाच्या कातरीच्या शोधाबद्दल एमॅन्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना या दोन विदुषींना २०२० चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. मे २०२५ मध्यें हिंदुस्थान सरकारनें याच रीतीनें तयार केलेले धानाचे दोन वाण जाहीर केले. त्यांतील एक 'कमला' हा हैदराबादच्या तांदूळ संशोधन संस्थेनें सांबा मसुरी या वाणावरून केला असून, तो मूळ वाणाहून सुमारें वीस दिवस आधीं पिकतो व अधिक उतारा देतो, असा तिचा दावा आहे. वीस दिवस म्हणजे तलावाच्या पाण्याची तेवढी बचत. नागभीडच्या बांधीला या बचतीचें मोल सांगावें लागत नाहीं. परंतु परक्या जनुकाचा प्रवेश ज्यांत नाहीं, अशा वाणांना २०२२ पासून कडक तपासणींतून सूट आहे. ती सूट योग्य कीं अयोग्य, यावर मतभेद आहेत. आणि कातरीच्या वापरावरील स्वामित्वाचे हक्क परदेशीं संस्था व कंपन्या यांच्याकडे आहेत, ही गोष्ट वेगळीच. दाव्यामागील सर्व आंकडे उघड्यावर मांडले जावे, ही मागणी विज्ञानाच्या विरुद्ध नव्हे. ती विज्ञानाचीच रीत आहे.

अन्नाच्या बाबतींत कचरणारा मनुष्य औषधाच्या बाबतींत मात्र हीच विद्या नकळत स्वीकारून बसला आहे. मधुमेहाचें इन्शुलिन पूर्वीं गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. १९८२ पासून मनुष्याच्या इन्शुलिनचें जनुक जंतूंत घालून, त्यांच्याकरवीं तें तयार करून घेतलें जाऊं लागलें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं इन्शुलिनची कुपी आहे, त्यांच्या घरीं ही विद्या रोज उपयोगांत आहे. नवजात बालकाला दिली जाणारी काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बी ची लसहि याच रीतीची. हीं औषधें शरीराच्या लेखाला स्पर्श करीत नाहींत, म्हणून त्यांविषयींचा संशय लवकर मावळला.

शरीराच्या लेखालाच हात लावण्याचा प्रसंग ज्या विकारांत आला, त्यांपैकीं एक नेमका या वनप्रदेशांत घरोघर परिचित आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी व इतर कांहीं समाजांत सिकलसेल नांवाचा रक्तविकार आढळतो. विदर्भांतील त्याचें अस्तित्व नागपूरच्या वैद्यकांनीं १९५८ मध्येंच नोंदविलें होतें. मनुष्याच्या तीन अब्ज अक्षरांच्या लेखांत एका जागीं एकच अक्षर बदललेलें असतें. तेवढ्यानें तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याला सांध्यासांध्यांत असह्य वेदना होतात. हें बदललेलें अक्षर एकाच पालकाकडून आलें तर मनुष्य सहसा निरोगी राहतो, इतकेंच नव्हे तर हिंवतापाच्या मारक प्रकारापासून त्याचें कांहींसें रक्षणहि होतें. म्हणूनच हिंवतापाच्या रानांत तें टिकून राहिलें. दोन्ही पालकांकडून आलें तर मात्र रोग जडतो. आईबाप दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणांत चारांत एक अशी ही शक्यता असते.

या विकारावरील क्रिस्परच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें व पुढील महिन्यांत अमेरिकेनें मान्यता दिली. रोग्याच्या अस्थिमज्जेंतील मूळ पेशी काढून, गर्भावस्थेंतील निरोगी रक्तद्रव्य पुन्हां तयार व्हावें असा बदल त्यांत करतात, व त्या परत सोडतात. तत्पूर्वीं जुनी मज्जा तीव्र औषधांनीं नष्ट करावी लागते. त्यांत जंतुसंसर्गाचें भय असतें व वंध्यत्व येण्याचाहि संभव असतो. अमेरिकेंत या उपचाराची किंमत सुमारें बावीस लाख डॉलर ठेविली गेली. ज्या रोग्यांना याची सर्वाधिक गरज, त्यांना तो स्वप्नांतहि परवडणारा नाहीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें दिल्लीच्या एका सरकारी संशोधन संस्थेनें 'बिरसा १०१' हा देशी उपचार जाहीर करून पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटशीं करार केला, ती याच अंतरावर पूल बांधण्याची धडपड होय. तो उपचार सर्वांच्या हातीं येईपर्यंत रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि योग्य सल्ला हाच खरा आधार आहे. १ जुलै २०२३ रोजीं सुरूं झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत सात कोटी लोकांच्या तपासणीचें उद्दिष्ट ठेविलें आहे.

तपासणी ही देखील दुधारी असते. वाहक असणें हा रोग नव्हे. तरी तपासणीचें कार्ड मुलीच्या लग्नाच्या आड येऊं शकतें. कार्डाचा अर्थ तिच्या भाषेंत, तिला एकटीला, शांतपणें समजावून सांगितला गेला नाहीं, तर उपकाराचा अपकार होतो. उपचाराच्या बाबतींतहि संमति म्हणजे कागदावरील अंगठा नव्हे. शिवाय एक मर्यादा जगानें आंखलेली आहे: रोग्याच्या स्वतःच्या रक्तांतील बदल त्याच्याबरोबर संपतो, गर्भांत केलेला बदल मात्र पुढील सर्व पिढ्यांत उतरतो. २०१८ मध्यें एका चिनी संशोधकानें गर्भांत असा बदल करून मुलें जन्मास घातलीं; त्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. ज्यांची संमति घेणें शक्यच नाहीं अशांचा लेख आज बदलूं नये, हाच विवेक होय.

आतां पुन्हां नांदेडकडे वळावें. १९९४ मध्यें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्रानें दादाजींकडून त्यांचें बियाणें प्रयोगासाठीं नेलें, आणि १९९८ मध्यें 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' हा वाण प्रसारित केला. मूळ बियाणें मिश्र होतें, तें आपण शास्त्रीय रीतीनें शुद्ध केलें, असा विद्यापीठाचा पक्ष. मग ज्यानें तें प्रथम ओळखलें त्याचें नांव कोठें गेलें, असा दादाजींचा प्रश्न. शुद्धीकरण हें श्रमाचें काम आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्या तीन लोंब्यांवांचून शुद्ध करण्याला कांहींच नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. २००५ मध्यें राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें दादाजींचा गौरव झाला. त्यांनीं पुढें आणखीहि वाण निवडले. परंतु अनेक राज्यांत पिकणाऱ्या त्या धानापासून त्यांना संपत्ति मिळाली नाहीं. ३ जून २०१८ रोजीं विपन्नावस्थेंतच त्यांचें निधन झालें.

२००१ च्या वनस्पति वाण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यालाहि वाणाचा निर्माता मानलें आहे, आणि घरचें बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे. दादाजींचें धान त्या कायद्यापूर्वींचें. यापुढें ज्या विद्येनें धानाचा लेख वाचला जाईल व रोग्याचें रक्त तपासलें जाईल, तिला पुष्कळसा कच्चा माल याच रानांतून मिळणार आहे. त्या विद्येची परीक्षा तिच्या कातरीच्या धारेवरून करणें पुरेसें नाहीं. नागभीडच्या बांधींतील बियाण्याच्या धन्याला त्याचें नांव व वांटा मिळतो काय, आणि येथील आजारी मुलाला उपचार मिळतो काय, यावरूनच ती व्हावयास पाहिजे; आणि हे दोन प्रश्न विचारण्याचें काम, ताटांतला तांदूळ कोठून आला हें आज ज्यांना कळलें, त्यांचेंहि आहे.