किडीला बांध माहीत नाही

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून ऊसदरावर आणि वीजबिलावर बोलणे चालले आहे. आता मला माळव्यातल्या किडीवर बोलायला सांगितले आहे. विषय लहान वाटेल. पण शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठाला ज्यांच्या घरचा रोजचा पैसा कारली, दोडका, काकडी, वांगी यांतून येतो, त्यांनी औषधाच्या दुकानातली उधारी एकदा आठवून पाहावी. उसाचे बिल वर्षाने हाताला लागते, माळव्याचे आठवड्याला. ते आठवड्याचे बिल फळमाशी खाऊन जाते.

दोडक्यावर टाचणी टोचल्याएवढा डाग दिसतो. मादीने साल भोसकून आत अंडी घातलेली असतात. अळी आत जन्मते, आतला गर खाते, फळ सडले की मातीत उतरते आणि तिथे कोषात जाते. आपण पाठीवर पंप घेऊन जे औषध मारतो ते अंड्याला लागत नाही, आतल्या अळीला लागत नाही, मातीतल्या कोषालाही लागत नाही. लागते ते तोडा करणाऱ्या बाईच्या हाताला. तरी पुढच्या आठवड्यात दुकानदार सांगतो, यापेक्षा जहाल घ्या. आपण घेतो.

याला पर्याय म्हणून कामगंध सापळे आले. पतंगवर्गीय किडीत, म्हणजे वांग्याची शेंडे व फळे पोखरणारी अळी घ्या किंवा कापसाची बोंडअळी घ्या, मादी वास सोडते आणि नर त्या वासावर येतो. तोच वास कारखान्यात बनवून रबराच्या गोळीत भरला की झाला ल्यूर. फळमाशीचे थोडे वेगळे आहे. तिथे ल्यूरमध्ये मादीचा वास नसतो, नराला वेड लावणारे दुसरेच द्रव्य असते. आंबा, पेरूवरच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागते, जे आपल्या तुळशीतही असते. कारली, दोडका, काकडीवरच्या माशीला क्यू ल्यूर लागतो. आंब्याचा ल्यूर कारल्यात टांगून "माशी येत नाही" म्हणणारे शेतकरी मला भेटतात. दोष त्यांचा नाही, न विचारता हातात गोळी देणाऱ्याचा आहे.

नऊ नर गेले, एक राहिला

आता मुद्द्यावर येतो. सापळ्यात वाटीभर माश्या पडलेल्या दिसल्या की आपल्याला समाधान वाटते. पण पडलेले सगळे नर आहेत. फळ टोचते ती मादी. एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहातले नऊ नर पकडले आणि एक राहिला, तरी बहुतेक माद्या फळून निघू शकतात. नर इतके कमी झाले पाहिजेत की मादीला जोडीदारच सापडू नये. आणि समजा तुमच्या वीस गुंठ्यांत ते साधले, तरी शेजारच्या रानात फळलेली मादी बांध ओलांडून तुमच्या दोडक्यावर बसते. तिला तुमच्या सापळ्याचा वास घेण्याचे कारणच नाही.

म्हणून मी म्हणतो, एकट्याचा सापळा ही पाहणी आहे, बंदोबस्त नाही. पाहणीलाही किंमत आहे. कीड आली की नाही ते कळते, उगाच मारली जाणारी फवारणी वाचते. पण बंदोबस्त पाहिजे तर शिवार पाहिजे. आपल्या जिल्ह्याला हे शिकवावे लागू नये. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या नावाने ओळखला जातो. पावसाळा सरला की बरगे घालतात. एक गाळा उघडा राहिला तर कुणाच्या वाट्याचे पाणी गेले असे कोणी विचारत बसत नाही, सगळ्यांचेच जाते. किडीचा हिशेब तसाच आहे.

ओकिनावाचे कारले

आपल्या कारल्यातली हीच माशी जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर पसरली होती. तिच्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला आपले कारले जपानच्या मुख्य बेटांवर विकायला बंदी होती. १९७२ मध्ये तिथे काम सुरू झाले. आधी क्यू ल्यूर आणि विष यांनी नरांची संख्या खाली आणली. मग कारखान्यात माश्या वाढवल्या, कोषात असताना त्यांना किरणांचा मारा देऊन वांझ केले आणि आठवड्याला कोट्यवधी सोडल्या. रानातली मादी वांझ नराशी जुगली की अंडी घालते, पण ती फुटत नाहीत. १९७८ मध्ये कुमे बेट मोकळे झाले, १९९३ मध्ये सगळा ओकिनावा. आजही तिथे कीड परत येऊ नये म्हणून वांझ माश्या सोडत राहतात.

हे गणित अमेरिकेतल्या एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञाने मांडले. जनावराच्या जखमेत अळ्या पाडणारी स्क्रूवर्म नावाची माशी तिथे गुरे मारत होती. तिची मादी सहसा एकदाच जुगते, हे त्याने हेरले. रानात शंभर नर असतील आणि आपण नऊशे वांझ नर सोडले, तर दहा माद्यांतली एकच खरी फळते. पुढच्या पिढीत रानातले नर घटतात, आपण मात्र तेवढेच नऊशे सोडतो. औषधाचे उलटे असते. कीड जितकी कमी, तितका एका किड्यामागचा खर्च जास्त. वांझ नर मात्र कीड कमी होईल तसा जास्त धार धरतो. १९५४ मध्ये कुरासाव या लहान बेटावर हे काही महिन्यांत सिद्ध झाले. पुढे ती माशी पनामापर्यंत हटवली. तिथे उभी केलेली वांझ माश्यांची भिंत २०२३ मध्ये फुटली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कीड पुन्हा मेक्सिकोत पोहोचली. राखण थांबली की उसात डुकरे येतात, तसेच ते.

कापूस आपल्या जिल्ह्याचे पीक नाही, पण विदर्भातल्या भावांचे काय झाले ते सांगायलाच हवे. २००२ मध्ये बीटी कापूस आला. गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. अमेरिकेतल्या ॲरिझोनातही बीटी कापूसच होता, गुलाबी अळीही हीच. तिथल्या कापूस उत्पादकांनी सरकारबरोबर वर्गणी काढली. बीटी कापूस, कामगंध, पीक निघाल्यावर पऱ्हाटी गाडणे आणि २००६ पासून विमानातून वांझ पतंग, हे सगळे सगळ्यांच्या रानात एकदम केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. बियाणे तेच, कीड तीच. फरक शिवाराच्या जुळणीत होता. माझ्या मते आपल्याकडे बियाण्याच्या बाजूने आणि विरोधात इतके भांडण झाले की या जुळणीकडे कोणी पाहिलेच नाही.

आता कोणी म्हणेल, मग वांझ माश्या आणा. ती दुकानात मिळणारी वस्तू नाही. माश्या पोसायचा कारखाना, किरणांची सोय, दर आठवड्याला सोडण्याची यंत्रणा हे सरकारचे आणि विद्यापीठांचे काम आहे, आणि ते मागायचा आपला हक्क आहे. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू रोखले, त्यामागे मुख्य कारण फळमाशी होते. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. जपानने तर सुमारे वीस वर्षे आपल्या आंब्याला दार बंद ठेवले, ते २००६ मध्ये उघडले. माशीपायी बाजार जातो तेव्हा तो एका शेतकऱ्याचा जात नाही. पण ज्या गावाला सापळे एकाच दिवशी टांगता येत नाहीत, त्या गावात वांझ माश्या सोडून उपयोग होणार नाही, हेही मी इथे स्पष्ट सांगतो. शिवाय सापळे आणि वांझ नर एकाच वेळी चालत नाहीत. आपलेच सोडलेले नर आपल्याच सापळ्यात पडतील.

यंदाच्या हंगामात

हुमणीसाठी हे काम काही गावांनी केलेले आहे. वळीव पडला की संध्याकाळी भुंगेरे मातीतून निघतात आणि बाभळी-कडुनिंबावर पाला खायला बसतात. पोरांनी फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर अंडी घालायच्या आधीच मादीही हाती लागते. सापळ्यापेक्षा हे बळकट, कारण इथे नरमादी दोन्ही सापडतात. पण सारे गाव एकाच आठवड्यात रात्री बाहेर पडले तरच.

माळव्यासाठी एक गट धरा. नदीकाठचा सलग पट्टा, ज्यात सगळ्यांचे वेल एकाच सुमारास लागतात. वेलाला फूल दिसू लागले की त्या आठवड्यात सर्वांनी एकरी चार-पाच क्यू ल्यूर सापळे टांगायचे. किडकी फळे बांधावर किंवा ओढ्यात टाकायची नाहीत, ती माशीची रोपवाटिका होते. एक खोल खड्डा काढायचा आणि वरून हातभर माती घालायची. खरे सांगायचे तर सापळ्याइतकेच, कदाचित त्याहून जास्त काम हा खड्डा करतो. पण खड्डा विकत मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

मधेच एखादा म्हणणार, मी पैसे देत नाही. पाणीपुरवठा संस्थेत अशा माणसाचे काय करायचे ते आपल्याला माहीत आहे. इथे त्याचे पाणी तोडता येत नाही, म्हणून मी सुचवतो, त्याच्या रानातला सापळा गटाच्या खर्चाने टांगा. तो फुकट सुटला म्हणून राग येईल, पण त्याचे रान मोकळे ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

ल्यूर गटाने एकदम घ्या, पाकिटावरची तारीख बघा, उरलेले थंड जागी बंद ठेवा. मुदत संपली की बदला, वास गेलेली गोळी म्हणजे नुसते रबर. आणि आपल्याकडे हे सांगावे लागते म्हणून सांगतो, तंबाखू मळलेल्या हाताने ल्यूर लावू नका. वांग्यातल्या सापळ्याच्या पाण्यात थोडा साबण टाका आणि पडलेले पतंग दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. गटाची वही एकच असावी. पुढच्या बैठकीला ती घेऊन या.