वाडा गेला, दार उरले

जुन्या गोव्यात सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ काळ्या पाषाणाचे एक दार एकटेच उभे आहे. मागे भिंत नाही, वर छत नाही. पायऱ्या चढून उंबरा ओलांडला की पलीकडे पुन्हा उघडी जमीनच. चर्च बघायला आलेली माणसे त्याच्या अंगावरून निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

हे दार आदिलशहाच्या वाड्याचे. जवळ जाऊन पाहा. घडीव खांबांवर वेलबुट्टीच्या पुसट खुणा आहेत, वर आडवी तुळई आहे, बाजूला दगडात कोरलेल्या जाळीचे अवशेष आहेत. सगळे वळण देवळाच्या द्वारशाखेचे. हे दगड आधीच्या एखाद्या देवळाचे असावेत, असे अनेक जाणकार मानतात. आपला मुलूख जांभ्याचा. इथल्या बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून आणावा लागला होता. असा दगड, तोही कोरलेला, कोणता राजा टाकून देईल?

महमूद गावानने 1472 मध्ये बहमनींसाठी गोवा घेतला. पुढे गोवा विजापूरच्या आदिलशहाकडे गेला आणि 1510 मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कने जिंकला. पोर्तुगीजांनी वाडा पाडला नाही, ते त्यात राहायला आले. 1554 ते 1695 पोर्तुगीज व्हाइसरॉयांचा मुक्काम इथेच होता. त्यांची मोठमोठी चित्रे याच वाड्यात लावलेली असत. ती आज जवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहता येतात. ज्या घराच्या भिंतींवर ती लावलेली असत, ते घर मात्र कुठेच पाहता येत नाही.

रोगराईने शहर ओस पडत गेले. व्हाइसरॉय आधी पणेलीला आणि 1759 मध्ये पणजीला गेले. तिथेही आदिलशहाचाच वाडा त्यांच्या कामी आला! इकडचा वाडा 1820 मध्ये सरकारी हुकमाने पाडला आणि त्याचे सामान पणजीच्या बांधकामांना वापरले.

आज दाराला केंद्रीय संरक्षण आहे. भोवतीच्या 100 मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. तरीही 2021 मध्ये जुन्या गोव्याच्या वारसा परिसरातल्या एका बांधकामाविरुद्ध लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, हे आपण विसरू नये. माझे म्हणणे एवढेच, की नुसती चौकट राखून भागणार नाही. पायऱ्यांमागची जमीन हीसुद्धा वाडाच आहे. तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन व्हावे, पाया सापडेल तिथे भिंतींची रेघ दगडांनी आखावी, आणि दालने कुठे होती ते कोकणी-मराठीत लिहून लावावे. संग्रहालयातल्या त्या चित्रांखालीही या दाराकडे यायची वाट दाखवणारी पाटी हवी. पुरातत्त्व खात्याकडे ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लेखी करू या.