वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकेतलं युद्ध

जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग वऱ्हाडातल्या पांढरकवड्याला नवी नाही. या कापसाच्या भावाला एकदा अमेरिकेतल्या तोफांनी हलवलं होतं. १८६१ मध्ये तिथे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं रोखली, तिथून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस तुटला. गिरणीमालकांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८५३ पासून हा मुलूख इंग्रजांच्याच हाती होता. भाव कडाडले, पऱ्हाटीचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं. सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले, केवढी मोठी ही गोष्ट! इकडे मात्र भाव कोसळले आणि झळ शेतकऱ्याला बसली. यादवी युद्धाचा धडा वाचताना वऱ्हाडाचा नकाशाही जरूर उघडा.