युद्धखेळाच्या आकृत्या

बुद्धिबळांतील घोडा अडीच घरें चालतो, हें नुसतें सांगून मुलाच्या ध्यानांत येत नाहीं; पटावर एकदां चालवून दाखविला म्हणजे पुन्हां सांगावें लागत नाहीं. टेबलावरील युद्धखेळांत तर घरेंच नसतात. तुकडी किती चालली हें मोजपट्टी ठरविते, तिच्या माऱ्यांत कोण येतो हें कोनावरून ठरतें, आणि टेंकडीआडचा शत्रु दिसतो कीं नाहीं या प्रश्नावर सख्ख्या भावांतहि कलह होतो. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं असा खेळ प्रमाणबद्ध नकाशांवर मांडला. पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्स यांनीं खेळण्यांतील शिपायांच्या युद्धखेळाचें पुस्तकच लिहिलें. आतां नियम लिहिणारा हौशी गृहस्थ आकृत्या संगणकावर काढतो. कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, याचा विचार मात्र तो बहुधा निम्में काम झाल्यावर करतो.

नवी मुंबईकरांस जवळचें उदाहरण खोपोलीकडच्या उंबरखिंडीचें. १६६१ सालीं शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान सह्याद्रि उतरून कोंकणांत येत असतां शिवाजीमहाराजांनीं त्यास या अरुंद, रानानें भरलेल्या वाटेंत कोंडलें आणि खानास शरण यावें लागलें. वाशीच्या किंवा नेरूळच्या एखाद्या घरांत ही लढाई टेबलावर आणावयाची तर साऱ्या नियमांचा कणा एकच : कड्यावरच्यास खालचा दिसतो, खालच्यास वरचा दिसत नाहीं. शब्दांत याला एक पान लागेल, आणि तरीहि ‘कड्याच्या कांठापासून किती आंत?’ हा वाद उरेलच. डोंगराचा उभा छेद काढून त्यावर दोन तुटक रेषा ओढल्या कीं तो मिटतो. पण रेषा चुकली तर वाद दुप्पट होतो. कारण मजकूर आणि आकृति यांत विरोध आला म्हणजे खेळणारा आकृतीच खरी मानतो.

आणि नियम तर दर खेळागणिक बदलतात. आज पायदळाची चाल पंधरा सेंटिमीटर ठरली, ती पुढच्या रविवारीं बारा होते. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्यें चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें. तेथें बाण आंखूड करणें म्हणजे खोडून पुन्हां काढणें. इंकस्केपसारख्या वेक्टर सॉफ्टवेअरमध्यें रेषा ही रेषा म्हणूनच सांठविलेली असते. टोंक धरून ओढलें कीं झालें. त्यांत क्लोन नांवाची एक सोय आहे. तुकडीचें मूळ चिन्ह बदललें कीं त्याच्या विसांच्या वीस प्रती आपोआप बदलतात. एवढ्या एका गुणासाठीं तें शिकण्याचे कष्ट घ्यावे. लिबरऑफिस ड्रॉ शिकावयास सोपें आहे, चौकोन व बाण यांना पुरेसेंहि आहे. घाटाच्या वांकड्या कडा काढूं लागलें म्हणजे मात्र हात अडखळतो. हीं दोन्ही फुकट मिळतात. मासिक भाड्याचें सॉफ्टवेअर उत्तम असलें तरी भाडें थांबलें कीं आपल्याच आकृतींत आपल्याला बदल करतां येत नाहीं, ही गोष्ट हौशी माणसानें आधींच ध्यानांत घ्यावी.

मराठी नियमांसाठीं आणखी एक परीक्षा आहे. ‘दृष्टिक्षेत्र’, ‘शत्रूच्या तुकड्या’ असे शब्द प्रथम टंकून पाहावे. जोडाक्षरें फुटलीं तर पुढें जाऊंच नये. जुन्या पद्धतीच्या फाँटांतील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अर्थहीन अक्षरांचा ढीग होतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येंच असावा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्त’ हा फाँट खुल्या परवान्याचा असून लहान आकारांतहि स्वच्छ वाचतां येतो.

राहतां राहिली छपाई. तांबडें आणि निळें सैन्य पडद्यावर शोभतें, पण काळ्यापांढऱ्या छपाईंत दोन्ही बहुधा सारखींच करडीं उमटतात. एकाचे ठोकळे भरीव व दुसऱ्याचे पोकळ काढावे. माऱ्याचा कोन किंवा अंतर दाखविणारी पट्टी कापून वापरावयाची असेल तर आकृतीच्या कोंपऱ्यांत दहा सेंटिमीटरची एक रेषा अवश्य ठेवावी. प्रिंटर पुष्कळदां पान कागदांत बसविण्यासाठीं चित्र थोडें आक्रसून टाकतो. छापल्यावर त्या रेषेला मोजपट्टी लावावी. ती साडेनऊ भरली तर पट्ट्या कापूं नयेत, छपाईचें प्रमाण शंभर टक्के करून पान पुन्हां काढावें.