नकाशावर रस्त्याचा दर्जा कसा ठरतो?

श्रोतेहो, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून तयार केलेला जगाचा नकाशा आहे.
2004 साली ब्रिटनमध्ये त्याची सुरुवात झाली.
त्यात कुणालाही रस्ता नोंदवता येतो.

रस्ता नोंदवताना त्याचा दर्जाही ठरवावा लागतो.
हा दर्जा ठरतो रस्त्याच्या कामावरून, रूपावरून नाही.

सर्वांत वर येतात द्रुतगती मार्ग.
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच गटातला.

भारतातल्या रूढ पद्धतीनुसार त्याखाली राष्ट्रीय महामार्ग.
मग राज्य महामार्ग.
मग प्रमुख जिल्हा मार्ग.

त्यानंतर गावे जोडणारे छोटे रस्ते आणि वस्तीतले रस्ते.
शेवटी शेतात जाणारी पाणंद.

आता एक घाटरस्ता पाहू.
तो अरुंद आहे, खड्ड्यांनी भरलेला आहे.
पण तो राज्य महामार्ग आहे, दोन तालुके जोडतो.
म्हणून त्याचा दर्जा वरचा.

नव्या वसाहतीतला रस्ता मात्र रुंद आणि गुळगुळीत असतो.
पण तो वसाहतीतच संपतो.
म्हणून त्याचा दर्जा खालचा.

मग खड्डे, डांबर, माती, रुंदी यांचे काय?
त्यांची नोंद स्वतंत्रपणे होते.

दर्जा अचूक असणे महत्त्वाचे, श्रोतेहो.
वाट दाखवणारी अ‍ॅप्स त्यावरूनही मार्ग निवडतात.
पाणंदीला महामार्ग म्हटले, तर गाडी चिखलात जाऊ शकते.

मतभेद झाले, तर नकाशा करणारे आपसांत चर्चा करतात.
त्या चर्चेतही कसोटी तीच:
रस्ता दिसतो कसा, हे नाही;
रस्ता कुणाला कुठे जोडतो, हे पाहायचे.