व्हरांडा बंद करण्यापूर्वी

पुण्यातला डेक्कन जिमखाना आणि प्रभात रोड, मुंबईचे पार्ले, दादरची हिंदू कॉलनी. या भागांत आपल्या आजोबांच्या काळी बांधलेली घरे अजून थोडीफार उरली आहेत. त्यांची एक खूण ठरलेली असे. घराच्या पुढे, कधी दोन्ही अंगांना, सहा-सात फूट रुंदीचा मोकळा व्हरांडा. कोणी त्याला ओसरी म्हणते, कोणी पडवी. वरच्या मजल्यावर असला की मुंबईकर त्यालाच गॅलरी म्हणतो. आज त्या रस्त्यांनी फिरून पाहा. पुष्कळ घरांना तो व्हरांडा दिसणारच नाही. दिसेल ती काचेची आणि ॲल्युमिनियमची एक लांबट पेटी.

नावे ठेवण्यासाठी मी हे सांगतो आहे, असे मात्र समजू नका. घरात माणसे वाढतात, घर वाढत नाही. नातवाला अभ्यासाला कोपरा हवा असतो, सुनेला घरूनच कचेरीचे काम करायचे असते, रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांचा आवाज दिवसेंदिवस वाढतोच आहे. पावसात व्हरांडा ओला, रात्री चोराची भीती. मग सात फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी ही जागा ‘फुकट’ पडलेली दिसते, आणि हात शिवशिवू लागतात. माझे म्हणणे एवढेच की ती जागा फुकट पडलेली नसते. ती आपल्या मागच्या खोलीचे काम करीत असते. तुम्ही व्हरांडा बंद करता, तेव्हा खरा फरक त्या मागच्या खोलीत पडतो, आणि त्या खोलीत बहुधा घरातले सर्वांत वडील माणूस निजत असते.

मी भूगोल शिकवतो, तेव्हा सूर्यापासून सुरुवात केली तर क्षमा असावी. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. घराचा व्हरांडा दक्षिणेकडे आहे आणि त्याच्या छपराची कड जमिनीपासून आठ फुटांवर आहे, असे धरा. त्या दिवशी दुपारचे ऊन कडेपासून साधारण सात फूट आत येते. म्हणजे थंडीत सबंध व्हरांडा उबदार होतो आणि ऊन बरोबर उंबऱ्याशी येऊन थांबते. मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो, आपली सावली पायांखाली जाते, आणि दुपारचे ऊन व्हरांड्यात शिरतच नाही. हे गणित त्या वेळच्या गवंड्याने कागदावर मांडले असेल असे नाही; पण सात फूट रुंदी आणि आठ फूट उंची ही मापे काही आकाशातून पडली नव्हती.

हवेचेही तसेच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या वसाहती या ट्रस्टच्याच आखणीतून उभ्या राहिल्या. खोलीत प्रकाश आणि वारा किती यावा याचा काटेकोर विचार त्या मंडळींनी केला होता. साडेत्रेसष्ट अंशांचा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. त्याचा साधा अर्थ असा की, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीपुढे हवी, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसेल. ज्या वसाहतींमागे इतका विचार होता, त्यांतच आपण आज स्वतःच्या खिडकीपुढे स्वतःच भिंत उभी करतो आहोत.

आता ही काचेची खोली आली कुठून? तिचे माहेर थंड मुलखातले. इंग्लंडात काचेवर कर होता, तो १८४५ मध्ये उठला; काच स्वस्त झाली आणि घरांना काचेच्या खोल्या जोडण्याची चाल पसरली. लंडनमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो. तिथे येईल तितके ऊन घरात कोंडून ठेवायचे, यात शहाणपण आहे. काच सूर्यप्रकाश आत सोडते. त्याने आतली जमीन आणि खुर्च्या-टेबले तापतात. त्यांची उष्णता काचेतून सहजी परत जात नाही, आणि तापलेली हवाही आतच कोंडते. हाच प्रयोग आपण पार्ल्यात एप्रिल महिन्यात पश्चिमेच्या अंगाला केला तर काय होईल? संध्याकाळी सहा वाजता ती खोली भट्टी होते. मग वातानुकूलन यंत्र आले. आधी ऊन पकडण्यासाठी पैसे घातले, आता तेच घालवण्यासाठी महिन्याला विजेचे बिल! आणि वडील माणसांना कोवळ्या उन्हात बसता यावे म्हणून काच लावीत असाल, तर हेही ध्यानात असू द्या की उन्हातल्या ज्या किरणांनी त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, ते किरण साधी काच जवळजवळ सगळेच अडवते. त्या कामासाठी खिडकी उघडावीच लागेल.

मग आपल्याकडे पूर्वी बंद करीतच नसत का? करीत, पण ऋतू पाहून. कोकणात पावसाळ्याआधी पडवीच्या झोडपणाऱ्या अंगाला माडाच्या झावळ्यांची झापे बांधीत आणि पाऊस सरला की सोडून टाकीत. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे, एरवी बांबूचे चिक. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. चपट्या, दुधी शिंपल्या लाकडी चौकटीत ओळीने बसवलेल्या. प्रकाश आत येई, पण मऊ होऊन. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नसे. वारा हवा झाला की झडप पूर्ण उघडता येई. बंद करणे आणि कायमचे बंद करणे यांतला भेद ही माणसे ओळखून होती.

तेव्हा बंद करायचेच असेल, तर आधी दिशा पाहा. दक्षिण आणि पूर्व ही त्यातल्या त्यात सोयीची अंगे. पश्चिमेला काच शक्य तेवढी कमी आणि बाहेरून चिक किंवा आडव्या फळ्यांच्या झडपा. कारण चारनंतरचे ऊन तिरपे असते, ते छपराच्या कडेला जुमानत नाही. पडदा आतून लावून फारसे भागत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेले असते. शिवाय मुंबईत वारा मुख्यतः पश्चिमेकडूनच येतो, म्हणून ते अंग सपशेल बुजवणे म्हणजे घराचे नाक दाबणे. दुसरे, खिडकीचा प्रकार. सरकती खिडकी दिसायला सुबक, पण दोन पल्ल्यांची असली तर कधीही अर्धीच उघडते! बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. छताजवळ झरोके ठेवा. तापलेली हवा वर चढते, तिला वाट हवी. आणि मधल्या भिंतीतली जुनी खिडकी काढून तिथे कपाट करण्याचा मोह आवरा.

माझ्या एका मावशीच्या घरी नेमके हेच झाले. व्हरांड्याची छान बैठक झाली, सगळ्यांनी वाखाणली. मावशीची खोली त्याच्या मागे. आता तिला सकाळी दहा वाजताही पोथी वाचायला दिवा लावावा लागतो. ती तक्रार करीत नाही. त्या पिढीची बायकामाणसे करीत नाहीत. “अगं, मला काय, डोळे मिटूनच बसायचं असतं,” असे मुलीला म्हणते.

याहून गंभीर गोष्ट गॅसची. जुन्या घरांत न्हाणीघराची किंवा स्वयंपाकघराची खिडकी पुष्कळदा मागच्या व्हरांड्यात उघडते. तो व्हरांडा मोकळा असेपर्यंत ठीक. तो बंद केलात आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असला, तर जळलेला वायू पुन्हा घरातच फिरू लागतो. प्राणवायू कमी पडला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने माणूस दगावतो. असा व्हरांडा बंद करायचा तर आधी गीझर बाहेर मोकळ्या हवेत न्या किंवा विजेचा घ्या. यात पर्याय नाही.

आता बांधकामाचे. इथे माझ्यापेक्षा इंजिनिअरचे ऐका, पण विचारायचे काय ते तरी माहीत हवे. वरच्या मजल्याची गॅलरी बहुधा एकाच बाजूने धरलेली, पुढे काढलेली असते. तिच्या मुख्य सळया वरच्या अंगाला, लादीच्या खालीच असतात. लादी उखडताना घाव त्यांच्यावर बसतो. समुद्राजवळच्या हवेत सळया आधीच गंजलेल्या असतात, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. खालून पोपडे निघताना दिसतात ते त्याचेच. अशा गॅलरीच्या कडेवर तीन मीटर उंचीची साडेचार इंची विटांची भिंत घातलीत, तर दर मीटर लांबीमागे सहा-सातशे किलोंचा भार चढतो. तिथे वीट नकोच. हलकी चौकट पुरे, आणि तीसुद्धा गॅलरीची तब्येत तपासून.

तळमजल्याच्या व्हरांड्याला सागवानी खांब असले तर ते विटांच्या भिंतीत गाडू नका. खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो तो ओलीपासून वाचावा म्हणून, चारी बाजूंनी वारा लागावा म्हणून. भिंतीत गाडलेल्या खांबाला आत ओल धरते आणि वाळवीची सोय होते, ती तुम्हांला दिसतही नाही. चौकट खांबांच्या मध्ये, सुटी बसवा. घर चुन्याच्या दर्जांचे असेल तर डागडुजीही चुन्यानेच व्हावी. सिमेंटचा कडक गिलावा जुन्या भिंतीची ओल आतच दाबून ठेवतो.

लोखंडी जाळी लावाल, तिला एक उघडणारी झडप ठेवा आणि तिची किल्ली जवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. परवानगीचा कागद महानगरपालिकेकडून आधी घ्या. व्हरांड्याचे क्षेत्र कसे मोजायचे याचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, शेजाऱ्याने केले म्हणून आपले चालेल असे नाही.

काम दिवाळीनंतर काढावे. थंडीत चुना आणि सिमेंट सावकाश वाळते, आणि ऊन कुठवर येते तेही दिसते. जुन्या भिंतीला नवी चौकट जिथे भिडते तो सांधा हटकून गळतो, म्हणून कंत्राटदाराच्या पैशांतला शेवटचा हप्ता मृगाचा पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा, आणि तसे आधीच लिहून घ्या.