गणिताचा पेपर आणि आपली पदवी

(बुलढाणा जिल्ह्यातील एका विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला करिअरवर बोलायला सांगितलंय. पण या जिल्ह्यात कॉलेजच्या मुलांसमोर उभं राहिलं की मला ३ मार्च २०२३ आठवतो. त्या दिवशी बारावीचा गणिताचा पेपर होता. पेपर सुरू होण्याआधीच त्याची पानं सिंदखेडराजातून मोबाईलवर फिरू लागली. विधानसभेत विषय गाजला, गुन्हा दाखल झाला, तपासासाठी एसआयटी नेमली. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. कोण दोषी, ते न्यायालय ठरवेल.

त्याच वर्षी मंडळाचं कॉपीमुक्त अभियान जोरात होतं. पेपर फुटू नये म्हणून प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं बंद केलं होतं. तरी असं झालं. सीलबंद पाकिटापर्यंत सतरा वर्षांच्या पोराचा हात पोचत नाही. त्याला मोठं माणूस लागतं. म्हणून कॉपीचा विषय निघाला की फक्त ‘आजची पोरं बिघडली’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वर्षभर वर्गात गणित शिकवलं गेलं नाही, हे कुठल्याच एफआयआरमध्ये येत नाही.

पण आपला हिशोबही मांडू. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल समोर ठेवून अख्खं उतरवायचो. प्रोग्रामसुद्धा. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ मी गप्प. त्यांनी पास केलं. ते ऋण मी नोकरीच्या पहिल्या वर्षी फेडलं. दिवसा काम, आणि रात्री दुसऱ्या वर्षाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून. घरी अब्बांना वाटायचं, पोरगा कंपनीचं फार काम करतो!

आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, मुलाखती घेतो. बायोडेटात तीन-तीन प्रोजेक्ट असतात. मी तोच प्रश्न विचारतो, ही ओळ काढली तर? बहुतेकदा तीच शांतता. आता तर चॅटजीपीटी आहे. त्याची मदत घेतल्याचं मला कुणी सांगितलं तर मी मार्क कापत नाही. स्वतः लिहिलं म्हणून सांगितलं आणि समजावता आलं नाही, तर मुलाखत तिथंच संपते.

आपल्यासाठी हे जास्त महाग आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविकाधारक सुमारे ७ टक्के होते, मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर असणार. ज्याच्या चाचाची कंपनी आहे त्याची पोकळ पदवी चाचा झाकून घेतो. गॅरेजवाल्याच्या पोराकडे झाकायला काही नसतं.

मगाशी चहाच्या वेळी एका मुलीनं मला विचारलं, ‘भाईजान, नापास झाले तर घरचे शिक्षण बंद करून लग्न लावतील. मग कॉपी केली तर चुकलं काय?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिला प्रामाणिकपणाचे धडे देणं सोपं आहे, कारण तिचं लग्न माझ्या घरी ठरत नाहीये. पण कॉपीनं बारावी निघेल, पुढे बीएस्सीचं पहिलं वर्ष तेच गणित घेऊन समोर उभं राहील, आणि तेव्हा घरचे म्हणतील, ‘बघ, तुला झेपत नाही.’ बारावीत नापास झालेल्यांना त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, एक विषय राहिला तर तो सोडवता येतो. हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या अब्बांशी बोलायला आपल्यातलं कुणीतरी जायला हवं. तिच्या तालुक्यातले इथं कोण आहेत? हात वर करा.

आणि गणिताचं म्हणाल, तर दर रविवारी सकाळी दोन तास मी ऑनलाइन बसेन. येताना गाईड आणू नका, पुस्तक आणा. जिथं अडलंय ते पान दुमडून ठेवा. आपण तिथूनच सुरू करू.